भागीकाकीच्या विहिरीखालची पंगत

दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या बाईला दिवाळी अंकात चार पानं देणारा संपादक धाडसीच म्हणायचा. चकलीबरोबर उपदेश कुणाला हवा असतो? संपादकांनी बजावलंय, "ताई, भाषण नको. अनुभव लिहा." बरं, लिहिते. पण इतकी वर्षं मी पत्रकंच लिहीत आले. पत्रकात वर मोठ्या अक्षरांत संताप असतो, मध्ये आवाहन असतं आणि तळाला छापखान्याचं नाव. यातलं छापखान्याचं नाव तेवढं मी गाळेन. बाकीचं गळेल याची हमी देत नाही.

किती गावं पालथी घातली, खारेपाटणपासून विजयदुर्गापर्यंत कुठे कुठे सभा झाल्या, कितीजणांनी बाटली फोडली, ते सगळं आमच्या मंडळाच्या अहवालात आहे. अहवाल कुणी उघडत नाही, म्हणून तिथे ते सुखरूप आहे. इथे मी एका विहिरीची गोष्ट सांगणार आहे.

आधी धंदा समजावून सांगते, कारण लोक घोळ करतात. धाडी घालतात ते खाकीतले. आम्ही प्रचारक. आमच्याकडे पत्र्याचा कर्णा, पत्रकांची पिशवी आणि न बसणारा घसा. देवळासमोर उभं राहायचं, बोलायचं, शेवटी इच्छुकांना शपथ द्यायची. शपथ घेणाऱ्याला मंडळातर्फे एक कप चहा. गावाला मात्र हा फरक पटत नसे. धाड पडली की लोक म्हणत, "कागदवाली बाय इली ती, तिनाच सांगितला आसतला." माझं नावच कागदवाली बाय. माझं माहेर कट्टा गावचं, बाजारात वडलांचं दुकान. म्हणजे मी काही परकी नव्हे. पण कर्ण्यात तोंड घातलं की आपलं माणूसही सरकारी वाटतं.

माझा सर्वांत निष्ठावंत श्रोता पांडू. काजूच्या बोंडांची दारू गाळण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. तरी माझ्या दर सभेला तो पुढे बसे आणि शपथेला सर्वांत आधी हात वर करी. एकदा मी भडकलेच.

"पांडू, मागच्याच महिन्यात शपथ घेतलीस ना?"

"घेतलंय तर! त्याच्या आदल्या म्हयन्यातय घेतलंय."

"मग परत कशाला?"

"काय करू, बाये. शपथ घेऊची सवय लागली मा माका. आता सुटणा नाय."

सभा हसली. मी हसले नाही. मी तेव्हा हसत नसे.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षी, शिमगा सरल्यावर, धाडींचा जोर वाढला. बोंडांचा हंगाम होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बोंडं पिळून रस पिंपात आंबत ठेवतात आणि आंबला की भट्टीवर गाळतात. धाडीत गाळलेली दारू सापडली तर ती पुरावा म्हणून मोहोरबंद होऊन तालुक्याला जाते. आंबलेला रस तालुक्यापर्यंत कोण वाहून नेणार? तो पंचांसमक्ष ओतून टाकायचा. पांडूची भट्टी पकडली ती एका वाडीच्या डोक्यावरच्या चिऱ्यांच्या जुन्या खाणीजवळ. वाडीचं नाव मी लिहीत नाही. एवढंच सांगते की ती कट्ट्याच्या खाली, खाडीच्या अंगाला आहे. खाणीपर्यंत जीप जाते हे धाडीवरच्या जमादारांच्या लक्षात आलं आणि मग आसपासच्या साऱ्या गावांतला पकडलेला रस तिथेच येऊन रिकामा व्हायला लागला. गुळाचं पाणी, बोंडांचा चोथा, सगळं. आमचा जांभा दगड म्हणजे आंबोळी. अंगभर भोकं. ओतलं की प्याला.

पहिल्या ओतणीला मी हजर होते. कर्णा लावून म्हटलं, "बंधुभगिनींनो, हे विष ही धरणीमाता गिळून टाकील!" टाळ्या पडल्या. धरणीमातेला कुणी विचारलं नव्हतं.

खाणीच्या खालच्या अंगाला भागीकाकीचं घर. काकी विधवा, मूलबाळ नाही. नवरा चिरे काढणारा होता. ती खाण त्यानेच पाडली आणि त्याच पहारीने अंगणात विहीरही खणली. खाडीपासून इतक्या जवळ असूनही पाणी गोडं. साऱ्या वाडीच्या बायका सकाळ-संध्याकाळ तिथे. काकी ओटीवर सुपारी कातरत बसायची आणि कळशी भरणाऱ्या प्रत्येकीकडून भाडं वसूल करायची.

"पाणी व्हया तितक्या न्ही गो. माका खबर दी."

कुणाची गाय व्याली, कुणाचा मुलगा मुंबईहून आला, कुणाच्या सुनेने रुसून माहेर गाठलं, सगळं काकीला पोचे. मी एकदा म्हटलं, "काकी, तुमच्याकडे रेडिओ हवा." तिने अडकित्त्याने विहीर दाखवली. "ह्यो काय तो माझो रेडिओ. ह्येका बॅटरीय लागणा नाय."

वैशाख लागला आणि रेडिओ बंद पडला.

मला कळलं ते असं. कट्ट्याच्या आठवडा बाजारात माझी सभा चालली होती. गर्दीतून भागीकाकी आली, डोक्यावर कळशी. तेवढं अंतर चालत. तिने माझ्या टेबलावरची पत्रकं हाताने बाजूला सारली, कळशी ठेवली आणि म्हणाली, "ह्या पी."

कळशीवर वाकले आणि मागे सरले. कुजक्या अंड्यांचा वास. पाणी काळपट, वर कसले तरी तवंग.

"तुमी वर काय ओतलास, आणि माझ्या विहिरीत काय इला, ता आता तुझ्या कर्ण्यातून सांग सगळ्यांका. सांग! माझ्या आंगणात आता कावळोय येणा नाय."

सभेत हशा पिकायला हवा होता. पिकला नाही. पांडूने नाक दाबलं.

बायका आता शेतापलीकडच्या लांबच्या विहिरीवर जात होत्या. काकीलाही पाणी तिथूनच आणावं लागे, पण ते तिचं दुःख नव्हतं. कातरलेली सुपारी ओटीवर तशीच पडून असायची, ते दुःख होतं.

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. मंडळाच्या आरोग्य-पत्रकात ठसठशीत छापलेलं होतं: जंतू हा मानवाचा शत्रू, दिसेल तिथे ठार करा. ते दिसत नाहीत ही अडचण पत्रकाने विचारात घेतलेली नव्हती. आरोग्य खात्याचा माणूस आणला, ब्लीचिंग पावडर टाकून घेतली. वास गेला. दोन दिवस वाडीत माझं नाव निघालं. मग वास परत आला, आणि येताना भावंडं घेऊन आला.

आता गावकार तात्या पुढे सरसावले. तात्या गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. आंब्याची मोठी बाग, खणखणीत आवाज आणि कमरेला चांदीची तपकिरीची डबी. त्यांनी देवळात बैठक बोलावली आणि निकाल देऊन टाकला.

"आढीत एक आंबो कुसलो तर काय करतास? काढून टाकतास. नायतर सगळी आढी जाता. ही विहीर कुसली. आज ही, फाल्या दुसरी. पाऊस पडाच्या आधी बुजवून टाका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आंब्यावर पोसलेल्या गावाला याहून मोठा पुरावा लागत नाही.

काकी दाराशी बसली होती. "तात्या, आंबो आढीतून काढून फेकतत. विहीर खंय काढून फेकतलास? दगड भरलास तरी ती थंयच रवतली, माझ्या दारात. वाईट पाणीय थंयच. फक्त माका दिसाचा नाय."

"मगे काय करूचा म्हणतंस?"

"ता माका ठावक आसता तर हयसर कित्याक इलंय असतंय?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पिशवीत नुसती पत्रकं होती.

उत्तर आलं ते मे महिन्याच्या रजेवर, आणि आलं अशा माणसाकडून की माझ्या तत्त्वांची लाज निघावी. काकीचा पुतण्या रघुनाथ घाटावर साखर कारखान्याच्या भट्टीत केमिस्टच्या हाताखाली होता. म्हणजे मळीपासून स्पिरिट काढण्याचं काम. सरकारी परवान्याचं.

"म्हणजे तुम्ही दारू करता," मी म्हटलं.

"स्पिरिट करतो. औषधाला लागतं, वार्निशाला लागतं."

"पांडूही औषधच म्हणतो."

रघुनाथ वाद घालत बसला नाही. त्याने बादली ओढली, पाणी हुंगलं आणि चक्क हसला. मला असा संताप आला! काकीची विहीर नासलीय आणि हा दात काढतोय.

"ओळखीचा वास आहे, बाई," तो म्हणाला. "आमच्या भट्टीचं उरलेलं पाणी खड्ड्यात सोडतात, तिथे हाच असतो. खाली जेवणावळ चालली आहे. पंगती बसल्यात."

त्याने मग काकीला आणि मला ओटीवर बसवून जे सांगितलं, ते त्याच्या केमिस्टसाहेबांनी त्याला शिकवलेलं होतं. मी माझ्या भाषेत मांडते. चुकलं तर शहाण्यांनी संपादकांना लिहावं, मला नको.

जमिनीखाली, दगडाच्या भोकाभोकांत, सूक्ष्म जंतू असतातच. रोगाचे नव्हेत, मातीतले. एरवी अर्धपोटी असतात. वरून गोड, आंबलेला रस झिरपला की त्यांना यजमान भेटला. पहिल्या पंगतीला बसतात ते हवेवर जगणारे, तुमच्या-आमच्यासारखे. पाण्यात मुरलेली हवा ते भराभर संपवतात. हवा संपली की त्यांचा कारभार आटोपतो. पण वाढप तर चालूच आहे, कारण जमादार वरून ओततायत. मग बसतात हवेविना जगणारे. हे श्वास घेतात कशावर? आमचा जांभा तांबडा का? त्यात लोखंडाचा गंज आहे. दुसरी पंगत त्या गंजावर श्वास काढते. दगडात घट्ट बसलेला गंज मग पाण्यात विरघळतो. तिसरी पंगत खाडीच्या खाऱ्या पाण्याबरोबर येणाऱ्या गंधकाच्या क्षारावर जगते, आणि तिच्या ढेकरेचा वास म्हणजे कुजकी अंडी. या वासाच्या वायूने आणि लोखंडाने मिळून पाणी काळं होतं. त्याही खाली, अगदी शेवटच्या पंगतीला, ज्यांच्यासाठी काहीच उरत नाही ते बसतात. त्यांचे बुडबुडे खाडीच्या चिखलात पाय रुतला की वर येतात.

काकी म्हणाली, "आणि जेवण काय आसा त्यांच्या पानात?"

"पांडूची दारू," रघुनाथ म्हणाला.

काकीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला कर्णा कुठे ठेवू कळेना. इतकी वर्षं मी गावातले पिणारे मोजत होते. खरे अट्टल पिणारे माझ्या पायाखाली होते. ना परवाना, ना शपथ, आणि हवेचीही गरज नाही.

"मग मारायचं कशाने त्यांना?" मी विचारलं.

तो आता मालवणीवर आला. "मारूचा नाय, बाये! तेच विहीर धुतत. तुमी पावडर टाकलास, वरचे चार मेले. खालचा जेवण तसाच रवला. मगे नवीन बसले. त्यांका जेवून संपवूंदे. संपला की उठतले. पाणी तवसर कोणी पिऊ नका, लांबसूनच हाडा. आणि वरून वाढूचा बंद करा!"

"उठले हे कळणार कसं?"

"शेवटची बसली ती आधी उठतली. आधी वास जातलो. मगे पाणी तांबडा येतला. मगे निर्मळ. वास असताना त्यात चांदी काळी पडता, वास गेलो की नाय. चांदी बुडवून बघा."

वाडीत चांदीची वस्तू कुणाची? तात्यांची डबी. मागायला मी गेले. तात्या म्हणाले, नाही. मी म्हटलं, "डबी पितळेची असेल तर राहू द्या. रघुनाथ म्हणाला, फक्त खरी चांदी काळी पडते."

"पितळेची? माझ्या आज्याची डबी पितळेची?"

रात्रभर डबी विहिरीच्या पाण्याने भरलेल्या हंड्यात बुडून होती. सकाळी काढली तर चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखी काळी. तात्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. डबी काळी झाली म्हणून चिडावं की आजोबांची चांदी खरी ठरली म्हणून मिरवावं, त्यांना ठरवता येईना. त्यांनी दोन्ही केलं. राखेने घासत ते दारोदार सांगत सुटले, "चोख आसा! चोख!" आणि रघुनाथचं म्हणणंही त्याच भरात मान्य केलं. "बरां तर. जत्रेपर्यंत थांबू. जत्रेक पाणी निर्मळ नाय झाला तर विहीर बुजवची. देवासमोर बोललंय."

आता वाढप बंद करायचं होतं. आणि ते माझ्या माथी.

जमादारांकडे गेले. त्यांनी मला नियम ऐकवला. असा मुद्देमाल पंचांसमक्ष नष्ट करावा. विहिरीचा उल्लेख नियमात नव्हता. मी अर्ज देते म्हटलं तर म्हणाले, द्या. पुढच्या आठवड्यात जीप परत खाणीशी उभी, मागे पिंपं. मी काय करावं? मी खाणीत उतरून मधोमध बसले.

जमादार वरून म्हणाले, "बाई, बाजूला व्हा. ओतायचंय."

"ओता. माझ्या डोक्यावर ओता."

"अहो, तुम्ही दारूबंदीच्या ना? आम्ही दारूच नष्ट करतोय."

"नष्ट करत नाही, खाली पाजताय!"

पांडूचा खटला चालू होता, पण तो जामिनावर बाहेर होता आणि असा खेळ तो चुकवणार नव्हता. त्याने अर्धी वाडी गोळा केली. खाणीच्या काठावर उभा राहून ओरडत होता, "बघा रे, बघा! दारू वतूक लागले तर कागदवाली बाय आड येता! बाये, इतक्या दिसांनी तुका माझी किंमत कळली!"

"पांडू, तोंड बंद!"

"मी शपथ घेतलंय गो, तोंड उघडाच्या नायची. पण आज रवाक येणा नाय."

वाडी लोटपोट. जमादारही अखेरीस हसले, आणि हसलेल्या माणसाला नियम आठवत नाही. रघुनाथने सुचवलं होतं तसं पिंपं वर सड्यावर नेऊन, विहिरींपासून लांब, उघड्या कातळावर पातळ पसरून ओतली. उन्हात, वाऱ्यात. तिथे पहिल्या पंगतीलाच सगळं पुरतं. जमादारांनी पंचनाम्यात काय लिहिलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पावसाळ्यात पांडूला सजा झाली आणि तो आत गेला. रघुनाथ कारखान्यावर. मी जमेल तेव्हा वाडीत जाई. काकी विहिरीवर वाकून हुंगायची आणि हात हलवायची: नाही, अजून नाही. एकटीच. पावसात ओटीवर बसून विहिरीकडे बघणारी बाई. मी काहीबाही खबरा सांगे. "तुझ्या खबरांत चव नाय," ती म्हणायची. "सगळ्यो सभेतल्यो."

गणपतीच्या आधी एके दिवशी निरोप आला: वास गेला. खरोखर गेला. दोघीतिघी शेजारणी कळशा घेऊन आल्यासुद्धा, भांड्यांपुरतं पाणी न्यायला. पाणी ओढलं तेव्हा स्वच्छ. घरी नेऊन ठेवलं, आणि थोड्या वेळाने कळशीत तांबूस, तळाला तांबडा गाळ. एकीने किंकाळी फोडली, "रगत!" वाडीभर झालं. दारू ओतल्याने विहीर भरलीय, म्हणजे कसलीशी बाधा झालीय, रक्त मागतेय. काकीने त्याच पाण्यात चहाची पत्ती टाकून पाहिली तर चहा शाईसारखा काळा. मग तर काय!

मी पोचले तेव्हा गडी खाणीतून दगड आणून विहिरीच्या काठावर रचत होते. रघुनाथ इथे नव्हता. तात्या अंगणापलीकडच्या देवळाच्या पायरीवर. गुरवाने कौलाची तयारी केलेली. देवाला पाकळ्या लावून विचारायचं, जत्रेपर्यंत न थांबता आताच बुजवायची का. काकी विहिरीच्या काठावर बसली होती, दगडांच्या आणि पाण्याच्या मधे.

कर्णा मी आणला नव्हता. तसंच ओरडले, "तात्या, देवाला मागनं विचारा! आधी डबीला विचारा!"

"डबी देवचंय नाय. एकदा काळी झाली ती पुरे."

"अहो, हे रक्त नव्हे, गंज! दगडातला गंज पाण्यात उतरलाय, हवा लागली की परत तांबडा होतो, चहात पडला की काळा. रघुनाथने हेच सांगितलं होतं. काळी पंगत उठली, तांबडी राहिलीय. आता तुम्ही दगड टाकले तर जेवणारे हात धुवायच्या बेतात असताना मांडव पाडल्यासारखं होईल!"

असं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं. जंतूंच्या बाजूने, देवळासमोर. पत्रकातलं एक वाक्य कामाला आलं नाही.

तात्या हलेनात. शेवटी काकी विहिरीवरूनच बोलली, आवाज न चढवता. "दी रे तात्या. की गेल्या खेपेक कोळसो फासून हाडलेलंस?"

तात्यांनी कमरेची डबी सोडून माझ्या हातात आपटली.

रात्रभर हंडा देवळात राहिला, कुणी लबाडी करू नये म्हणून. सकाळी सगळी वाडी जमली. तात्यांनी स्वतः हात घातला. डबी पांढरीशुभ्र. नुकतीच घासल्यासारखी. तात्या तिला उलटसुलट बघत राहिले, मग तपकिरीची चिमूट नाकाला लावल्यासारखं करून म्हणाले, "उठले ते. काळे उठले." आणि गड्यांकडे वळून, "काय बघतास? दगड खाणीत नेऊन टाका."

मार्गशीर्षात जत्रा. आदल्या दिवशी सकाळी काकीने मला बोलावून घेतलं. अंगणात तात्या, रघुनाथ रजा काढून आलेला, आणि सजा भोगून परतलेला पांडू, थोडा वाळलेला. कळशी आदल्या दिवसापासून भरून ठेवलेली. तळ स्वच्छ. काकीने त्याच पाण्याचा चहा केला, उकळून उकळून, आणि कपात ओतला. चहा चहाच्या रंगाचा होता. काकीने कप उन्हात धरला, फिरवला आणि पहिला घोट स्वतः घेतला.

मग श्रेयाची वाटणी सुरू झाली. तात्या म्हणाले, देवाने केलं. रघुनाथ म्हणाला, वाढप थांबलं आणि पावसाने खाली हवा नेली. पांडू म्हणाला, माल चोख होता म्हणून डाग राहिला नाही, पाणी मिसळलेला असता तर बघितलं असतंत. यातलं पांडूचं सोडून बाकीचं मी ऐकून घेतलं.

जत्रेत देवासमोर तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडचं गाऱ्हाणं म्हणजे गावाचा सगळा हिशेब देवापुढे मांडणं: चाकरमानी, गुरंढोरं, भात, आंबे, होड्या. प्रत्येक ओळीला लोक साथ देतात. तात्या शेवटाकडे आले, थांबले आणि आवाज लावला:

"बा देवा महाराजा! आणि जी काय जमिनीखाली, वाऱ्याविना, काळोखात रवणारी, डोळ्यांक न दिसणारी तुझी लेकरां आसत, ज्यांनी आमची विहीर पिऊन साफ केली, त्यांचीय राखण कर रे महाराजा!"

क्षणभर सगळे बावचळले. मग एकमुखाने, "व्हय महाराजा!"

माझ्या मागून पांडू कानाशी पुटपुटला, "बघ गो बाये न्याय. प्याले ते, आणि सजा माका. त्यांका वर गाऱ्हाणां!"

मी त्या दिवशी हसले. देवळात, सगळ्यांसमोर.

एवढं झाल्यावर गप्प बसेन तर मी प्रचारक कसली? पत्रक लिहिलं. मथळा: 'जंतूंचे उपकार'. वर संताप होता, पकडलेला रस विहिरींच्या डोक्यावर ओतणाऱ्यांवर. मध्ये आवाहन होतं, सड्यावर पसरा. मंडळाच्या चिटणीसांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, दारू पिऊन कुणी गावावर उपकार करतो, असं आपल्या मंडळाने छापायचं?" मी म्हटलं, पण खरं आहे. ते म्हणाले, खरं आहे म्हणूनच अवघड आहे. पत्रक छापलं गेलं नाही. हल्ली परवान्यांचा सुकाळ झालाय, आमच्या सभा ओस पडतायत, पण रानात भट्ट्या आहेत, धाडीही आहेत आणि आंबलेला रस अजूनही सोयीच्या खड्ड्यातच जातो. कुणाच्या तरी विहिरीच्या वर. एका वाडीच्या जमादारांना हसू आलं म्हणून नियम बदलत नाही. याची मला रुखरुख आहे, आणि ती चिटणीसांच्या चष्म्याएवढी लहान नाही.

पत्रक परत आलं त्याच संध्याकाळी मी तणतणत वाडीत गेले. काकीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. विहिरीवर रांग, कळशांचा खणखणाट, चार जणी एकदम बोलतायत. पांडू बायकांना बादल्या ओढून देत होता. नवा धंदा म्हणे, कमाई फक्त शिव्या. काकी ओटीवर सुपारी कातरत होती. मला बघताच ओरडली, "फुकट बसूचा नाय! खबर दी."

मी पत्रकाची खबर दिली. बायका हसल्या. पहिल्यांदाच माझ्या खबरेला चव आली असावी.

"पण काकी," पांडू बादली ठेवून म्हणाला, "ते खालचे आता काय खायत असतले गो? इतके राबले, आणि सुके पडले बिचारे. एखादी घागर वाढू काय त्यांका?"

काकीचा अडकित्ता थांबला. तिने अंगणाकडे पाहिलं, रांगेकडे, सांडलेल्या पाण्याकडे.

"हात लावशीत तर बघ," ती म्हणाली. "उपाशी रवांदेत. ते उपाशी आसत, म्हणान माझा आंगण भरलेला आसा."